मॉरिशसला जाऊन कबूतर बघून आले, हो कबूतरच

मॉरिशसच्या टूरला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी माणसाचे फोटो काढून बघा, क्रम ठरलेला असतो. गंगा तलावापाशी उभा असलेला तो १०८ फुटी शंकर, मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा व्ह्यू पॉइंट, मग शामारेलची सात रंगांची माती आणि शेवटी कॅटामरानवर गॉगल लावून अख्खं कुटुंब. आता गंमत अशी की गंगा तलावावरून निघालं की बस पेत्रँ नावाच्या फाट्यावरून वळते आणि त्या फाट्याला लागून जे जंगल आहे तिथे गुलाबी कबुतरं राहतात. जंगली अवस्थेत हा पक्षी जगात फक्त मॉरिशसमध्ये आहे, बाकी कुठेही नाही. शामारेललाही त्या मातीच्या शेजारी एबनी फॉरेस्ट म्हणून राखलेलं जंगल आहे, तिथेही आता ती सोडलीयेत. म्हणजे आपली माणसं एका दिवसात दोनदा त्यांच्या जवळून जातात आणि कोणाला पत्ता नसतो. टूर मॅनेजरही सांगत नाही. सांगून तरी काय, कबूतर म्हटलं की आपलं तोंड कसं होतं माहितीये ना.

मी राहते ठाण्यात. आमच्या सोसायटीत निम्म्या गॅलऱ्यांना जाळी लागलीये आणि उरलेल्या निम्म्यांत एसीच्या आउटडोअर युनिटमागे चार काड्या, घाण आणि दोन पांढरी अंडी. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये ताडपत्री टाकून बंद केला तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे महाभारत झालं ते विचारूच नका, एका बाजूला जीवदयावाले आणि दुसऱ्या बाजूला दमावाले, आणि दोन्ही बाजूंनी फॉरवर्ड. त्यामुळे मॉरिशसहून आईला फोन करून सांगितलं की उद्या एका छोट्या बेटावर कबूतर बघायला चाललोय, तर ती आधी काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, "अगं इथे काय कमी आहेत का? माझ्या गॅलरीत ये, फुकटात दाखवते."

तर ते छोटं बेट म्हणजे ईल ओ एग्रेत. माहेबूर गावासमोर समुद्रात, अवघं २६ हेक्टरचं, प्रवाळाच्या दगडाचं. किनाऱ्यावरचं मूळचं एबनीचं (काळ्या, जड लाकडाच्या झाडाचं) जंगल म्हणजे काय होतं ते बघायचं तर तिथेच. उंची म्हणाल तर आपल्या डोक्यात जे जंगल असतं त्यातलं काहीच नाही, बुटकी, वाकडीतिकडी, दगडातून आलेली झाडं आणि मधे मोठाली कासवं रस्ता अडवून बसलेली (ही कासवं सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची बरं का, मॉरिशसची स्वतःची कासवं माणसांनी खाऊन संपवली, म्हणून त्यांच्या जागी ही आणलीयेत). गाइडशिवाय फिरता येत नाही आणि तेच बरंय.

कबूतर आम्हाला दिसलं ते पायवाटेवर. मी वर फांद्यांमध्ये शोधत होते आणि ते आमच्या पुढे चार पावलांवर चालत होतं, आरामात, मान पुढेमागे करत, वाटेवरचं काहीतरी टिपत. गाइड मुलीने हात आडवा केला म्हणून थांबलो, नाहीतर नवरा फोनवर बघत त्याच्यावरच गेला असता. गुलाबी म्हणजे राणी कलर वगैरे अजिबात नाही हं, डोकं, मान, छाती अगदी फिकट गुलाबी, सावलीत तर पांढुरकं-राखाडीच वाटतं, मग ते उन्हाच्या तुकड्यात आलं आणि रंग उमटला. पंख तपकिरी, शेपटी विटकरी आणि चांगली लांब, पाय लालसर, डोळ्याभोवती लाल कडं, चोच मुळाशी लाल आणि टोकाला फिकट. आपल्या कबुतराच्या मानेवर जो हिरवा-जांभळा चकाकता पट्टा असतो तो याला नाही. आणि दोन्ही पायांत रंगीत कड्या. गाइडने त्या कड्यांचे रंग वाचले आणि लगेच म्हणाली, हा नर आहे, याची मादी त्या तिकडच्या बाजूला घरटं करून बसलीये. मी विचारलं प्रत्येकाला अशा कड्या आहेत? तर म्हणे जवळजवळ सगळ्यांना. म्हणजे अख्ख्या जातीची हजेरी घेता येते. ते मला इतकं अजब वाटलं. आमच्या गॅलरीत बसणारं कबूतर काल आलेलंच आहे की दुसरं हे मला आजवर कळलेलं नाही.

ते घाबरत का नाही, हे मात्र तिने वेगळं सांगायची गरज नव्हती. मॉरिशसवर माणूस येईपर्यंत मांजर नव्हतं, उंदीर नव्हता, माकड नव्हतं. जमिनीवरून येऊन खाणारं कोणी असतं हेच तिथल्या पक्ष्यांना माहीत नव्हतं. डोडोची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहिती आहे, पण डोडो हा कबुतरांच्याच कुळातला हे मला फार उशिरा कळलं. आज जिवंत असलेल्यांत त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे आपल्याकडचं निकोबारी कबूतर. डोडो सतराव्या शतकात संपला. मग मॉरिशसचं निळं कबूतर होतं, पांढरी मान, निळं अंग, लाल शेपटी, डच झेंड्याचे तिन्ही रंग अंगावर म्हणून त्याला डच कबूतर म्हणायचे, तेही १८३० च्या दशकापर्यंत गेलं, जगभरात भुसा भरलेले तीन नमुने उरलेत. शेजारच्या रियुनियन बेटावरचं गुलाबी कबूतर त्याच्याही आधी गेलं. असं सगळं कुळ एकेक करून संपत असताना हे एकटं कसं टिकलं? एक समज असा सांगतात की याचं मांस खाल्लं की माणूस आजारी पडतो, त्यामुळे लोक याच्या वाटेला फारसे जात नसत. पूर्ण उत्तर ते नसणार. पण ऐकून बरं वाटलं खरं.

खाल्लं नाही तरी घर मोडलंच. आणि इथे आपला संबंध येतो. आमचा ड्रायव्हर मराठी आडनावाचा होता, बोलायचा क्रेऑल, इंग्लिश आणि थोडं हिंदी, मराठी मात्र फक्त आरतीपुरती (गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, हे तो आम्हाला तीनतीनदा अभिमानाने सांगत होता). त्याचे पूर्वज रत्नागिरीकडून ऊसमळ्यावर मजुरीला गेलेले. १८३४ पासून भारतातून करारावर माणसं नेली, बिहारी, तमिळ, तेलुगू आणि आपलेही, आणि जिथे तिथे दिसतो तो ऊस त्यांच्याच हातचा. ऊस लावायचा तर जंगल जाणार. ते तोडायचा हुकूम देणारे वेगळे होते आणि उन्हात राबणारे वेगळे, त्यामुळे त्या माणसांना मी बोल लावणार नाही, पण हिशोब तोच राहतो. आज मॉरिशसवर बऱ्या अवस्थेतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. त्यातही चिनी पेरू घुसलाय. लाल छोटी फळं असतात, लोक पिशव्या भरभरून तोडून नेतात, चवीला मस्त लागतं, मी पण खाल्ले. पण त्याचं इतकं दाट रान माजतं की खाली मूळ झाडाचं रोप येतच नाही, आणि कबुतराला हवीत ती मूळ झाडांची पानं, कळ्या, फुलं, फळं.

बाकी घुसखोरांत आपल्या ओळखीचे बरेच निघतात. साळुंक्या आपल्याकडूनच नेल्या, टोळ खातील म्हणून. लाल गालाचा बुलबुल तिथे कुठेही दिसतो, आणि मी पहिल्याच सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला त्याला बघून "अरे हा तर आपला!" म्हणून ओरडले होते. मुंगूस १९०० च्या सुमारास नेले, तेव्हा प्लेग पसरला होता आणि मुंगूस उंदीर खाऊन टाकतील अशी आयडिया होती. उंदीर काही संपले नाहीत, मुंगसांना जमिनीवर उतरलेले पक्षी जास्त सोपे पडले. माकडं तर चारशे वर्षांपासून आहेत, ती घरट्यातली अंडी-पिल्लं उचलतात. त्यात वादळं. मोठं सायक्लोन आलं की झाडांवरची फुलंफळं सगळी झडून जातात आणि पुढचे कित्येक आठवडे खायला काही नसतं.

१९७० च्या दशकात परिस्थिती अशी झाली होती की उरलेली कबुतरं प्रामुख्याने एकाच छोट्या झाडीत घरटी करत होती, आणि ती झाडी मूळची पण नव्हे, जपानी देवदाराची, क्रिप्टोमेरियाची, लाकडासाठी लावलेली. त्याची पानं टोचरी असतात म्हणून उंदीर-माकडांना वर चढायला त्रास होतो, बहुतेक म्हणूनच यांनी ती धरली असणार. जेराल्ड ड्युरेल, जर्सी बेटावर दुर्मिळ प्राण्यांचं प्राणिसंग्रहालय काढणारा माणूस, १९७६ मध्ये तिथे पोचला आणि त्या झाडीतून काही पक्षी पकडून पिंजऱ्यात पैदाशीला सुरुवात झाली, काही मॉरिशसलाच ब्लॅक रिव्हरला आणि काही जर्सीला. मग १९७९ ला कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला तरुण आला. याची गोष्ट भारी आहे, त्याला खरं तर तिथल्या ससाण्याचा प्रकल्प गुंडाळायला पाठवलं होतं, कारण १९७४ मध्ये मॉरिशसचे ससाणे जंगलात चार उरले होते आणि पैसे घालण्यात काही अर्थ नाही असं मोठ्या लोकांचं मत झालं होतं. त्याने गुंडाळला नाही. ससाणा वाचला, पोपट वाचला, कबूतर वाचलं. २०१६ मध्ये त्याला प्राणी वाचवण्याच्या कामासाठी दिलं जाणारं इंडियानापोलिस प्राइझ मिळालं.

पण "वाचलं" म्हणजे एका वर्षात नाही झालं हे सगळं. १९९०-९१ मध्ये, म्हणजे ड्युरेल येऊन गेल्यावर चौदा-पंधरा वर्षांनी, जंगलात फक्त नऊ-दहा गुलाबी कबुतरं उरली होती. नऊ-दहा. आमच्या खालच्या वाण्याच्या पत्र्यावर एका वेळी याहून जास्त बसतात. पिंजऱ्यात वाढवलेली कबुतरं १९८७ पासून जंगलात सोडायला लागले होते, तरी आकडा तिथे घसरला होता, आणि मग तिथून वर चढला.

पिंजऱ्यातली पैदास पण सरळ नव्हती. ही जोडपी अंडी घालायची आणि सांभाळायची नाहीत. मग अंडी उचलून साध्या पाळीव होल्यांच्या खाली ठेवायची. होले बिचारे इमानदार, ते दुसऱ्याचं अंडं उबवतात आणि पिल्लू वाढवतात. कबुतराचं पिल्लू दुसऱ्या कुणा पक्ष्याकडे देता येत नाही कारण पहिल्या आठवड्यात ते फक्त दूध पितं, आईबापाच्या गळ्याखालच्या थैलीत तयार होणारं दाट दूध, आणि ते आई आणि बाप दोघांनाही येतं. (हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला.) उबवायची पाळीही वाटलेली, दिवसा नर बसतो, रात्री मादी.

याच दुधातून रोगही जातो आणि हा भाग मला सगळ्यात जास्त लागला. ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय जीव असतो, पिल्लाच्या तोंडात, घशात पिवळट घट्ट थर धरतो, घसा बंद होत जातो आणि पिल्लू भरल्या घरट्यात उपाशी मरतं. आईबाप स्वतः धडधाकट दिसतात, त्यांच्या तोंडात तो जीव नुसता असतो. तो पसरतो एकत्र दाणे टिपल्याने, एकाच भांड्यातलं पाणी प्यायल्याने, आणि आणून सोडलेले होले, पारवे हे सगळे तो घेऊन फिरतात. म्हणजे कोणी चांगल्या मनाने वाटीभर पाणी आणि मूठभर दाणे ठेवले की तिथे हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाणार. पण गुलाबी कबुतराला तर दाणे ठेवावेच लागतात, जंगलात पुरेसं खायला नाहीये. मग काय, दाण्याची खास रचना केलेली ठाणी, गहू आणि भरडलेला मका, बाकीचे पक्षी कमीत कमी येतील अशी व्यवस्था, भांडी घासणं, कोण आलं कोण नाही ते कड्यांवरून लिहून घेणं. आजूबाजूला उंदरांचे सापळे आणि विष, मांजर-मुंगसाचे पिंजरे. घरटी शोधून पिल्लं तपासणं, कड्या घालणं. हे कोण करतं, तर मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनची माणसं आणि सरकारच्या नॅशनल पार्कची माणसं, ऊन असो की पाऊस. आणि त्या पठारावरचा पाऊस मी बघितलाय, आंबोलीची आठवण येते.

दादरच्या कबुतरखान्याच्या वादात दोन्हीकडचे लोक एकाच गोष्टीवर भांडत होते, दाणे टाकायचे की नाही. मला आता वाटतं की प्रश्न दाणे टाकून झाल्यावर तिथे थांबणार कोण हा आहे. पोतं उपडं करून पुण्य घेऊन निघून जायचं आणि मागची घाण, आजार, गर्दी हे पालिकेने बघावं, याला सांभाळणं म्हणत नाहीत. तिकडे दाणे टाकणारा माणूस त्याच कबुतराच्या तोंडाचा स्वॅब घेतो. उगाच आपल्याला नावं ठेवायची म्हणून हे म्हणत नाहीये, आपल्या पारव्यांना कोणी वाचवायची गरजच नाहीये हा फरक मोठा आहेच.

तर या सगळ्या खटाटोपाने आकडा चारशेच्या वर गेला, २०१८ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत हा पक्षी "संकटग्रस्त" वरून एक पायरी खाली, "असुरक्षित" मध्ये आला. १९९४ ला तो "अतिसंकटग्रस्त" होता. बातम्या आल्या, कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं.

पण २०२२ मध्ये एक पेपर आला, ईस्ट अँग्लिया विद्यापीठातले आणि इतर संशोधक, त्यांनी कबुतरांचा जीनोम, म्हणजे अख्खा जनुकीय आराखडा तपासून कॉम्प्युटरवर पुढची वर्षं चालवून बघितली, आणि त्यांचं म्हणणं असं की नुसता आकडा वाढवून हे भागणार नाही, काही केलं नाही तर पुढच्या ५० ते १०० वर्षांत ही जात जंगलातून नाहीशी व्हायची शक्यता आहे. कारण ही सगळी चारशे-पाचशे कबुतरं अगदी मोजक्या पूर्वजांची आहेत. जात मोठी असताना जे लहानसहान दोष लपलेले असतात ते सगळे भावंडा-भावंडांत लग्नं झाल्यावर वर येतात, अंडी फळत नाहीत, पिल्लं तग धरत नाहीत. संख्या तीस-चाळीस वर्षांत वर आली, पण जी विविधता गेली ती अशी पटकन परत येत नाही. आणि मग इथे ती जर्सीला नि युरोपच्या प्राणिसंग्रहालयांत ठेवलेली कबुतरं कामाला येतात, कारण मॉरिशसमधल्यांनी गमावलेले काही जनुकीय प्रकार त्यांच्यात अजून आहेत. ती परत आणून मिसळायची. मला प्राणिसंग्रहालयं फारशी आवडत नाहीत, भायखळ्याला लहानपणी जाऊन आले की मला दोन दिवस वाईट वाटायचं, पण या बाबतीत मी तोंड बंद ठेवते.

आमच्या ग्रुपमधला एक मित्र, हुशार माणूस, म्हणाला की एवढा पैसा एका कबुतरावर? त्यात किती शाळा झाल्या असत्या. हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही, आणि त्याला मी छान गोळीबंद उत्तर देऊ शकले नाही. एवढंच म्हणाले की जंगल तोडताना, मुंगूस आणताना, माकडं सोडताना कोणी खर्चाचा हिशोब मांडला नव्हता, तो आता भरावा लागतोय आणि हप्ते लांबचे आहेत. त्याला ते पटलं नाही. त्याने व्हिस्की मागवली.

२०२० ची ती तेलगळती आठवतेय का, वाकाशिओ नावाचं जहाज प्रवाळाच्या खडकावर चढलं आणि निळ्या पाण्यात काळं तेल पसरलं? ते या ईल ओ एग्रेतच्या अगदी जवळ. लोकांनी उसाचं पाचट कापडी नळ्यांत भरून तरंगते बांध घरी शिवले होते, तेव्हा टीव्हीवर बघितलं होतं. बेटावरचे काही छोटे पक्षी आणि सरडे-पाली तेव्हा पकडून मोठ्या बेटावर हलवल्या. एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवू नयेत म्हणून कबुतरं वेगवेगळ्या ठिकाणी वाटून ठेवलीयेत, पेत्रँ, बेलोंब्र, फर्नी, शामारेल, हे बेट वगैरे. बेटावर १९९१ मध्येच उंदीर साफ केले, म्हणून तिथे ती सगळ्यात निवांत दिसतात.

जायचं असेल तर माहेबूरजवळच्या प्वँत जेरोमवरून बोट सुटते, गाइड मिळतो, दीड-दोन तासांत फेरी होते. विमानतळ तिथून जवळ आहे म्हणून परतीची फ्लाइट संध्याकाळची असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी सहज जमतं. डास चावतात, पूर्ण बाह्यांचं घाला. पर्समधले चणे-शेंगदाणे पर्समध्येच राहू द्या, मुलांना पण आधीच बजावा, का ते वर सांगितलंय. बुकिंग आधी करा आणि टूरवाल्याला ठणकावून सांगा, नाहीतर तो "मॅडम वेळ नाही" म्हणत तुम्हाला शोभेची छोटी लाकडी जहाजं बनवणाऱ्या फॅक्टरीत तासभर फिरवतो, आणि तिथे मात्र त्याला भरपूर वेळ असतो.